अपुरा राहिलेला प्रबंध

१९१७ साली भीमराव रामजी आंबेडकर लंडनहून मुंबईस परतले, तेव्हा त्यांचा अभ्यास अर्धवट राहिला होता. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाने दिली होती, एवढाच काय तो आधार. त्यातच महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज बुडाले आणि पुस्तके समुद्रात गेली.

भीमरावांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी पत्करली. वेतनातून काटकसरीने पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जानेवारी १९२० मध्ये सुरू केलेले ‘मूकनायक’ पाक्षिक सहकाऱ्यांवर सोपवून त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. नुकतेच हाती घेतलेले समाजकार्य आणि मुंबईत तुटपुंज्या पैशांत संसार चालवणाऱ्या रमाबाई यांना मागे ठेवून जाणे सोपे नव्हते.

लंडनमध्ये त्यांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाई. दार उघडताच आत शिरावे आणि बंद होण्याच्या वेळी बाहेर पडावे, असा क्रम होता. जेवणात वेळ आणि पैसा दोन्ही खर्च होतात, म्हणून दुपारचे जेवण बहुधा टळेच. जुने सरकारी अहवाल, टांकसाळींचे हिशेब, चलनाचे कायदे यांतून ते टिपणे काढत. छायाप्रत काढण्याची सोय तेव्हा नव्हती. प्रत्येक आकडा हातानेच उतरवावा लागे. रात्री खोलीवर परतल्यावर पुन्हा वाचन सुरू होई. शिवाय बॅरिस्टरीचा अभ्यासही होताच. या साऱ्यातून त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्‌सी. पदवी मिळवली.

प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. विषय वरकरणी रुक्ष वाटतो. पण रुपयाचे मोल घसरले की सामान्य माणसाच्या ताटातली भाकरी महाग होते. सरकारच्या चलनव्यवस्थेतील दोष भीमरावांनी पुराव्यानिशी दाखवले. केन्स यांच्यासारख्या नामवंत अर्थतज्ज्ञाचे मतही त्यांनी खोडून काढले.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला. परीक्षकांना त्यातील टीका रुचली नाही. त्यांनी तो पुन्हा लिहिण्यास सांगितले. एव्हाना पैसेही संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये भीमराव मुंबईस परतले आणि वकिलीची जुळवाजुळव करता करताच पुनर्लेखनास बसले. मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. प्रबंध लंडनला पाठवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना डी.एस्‌सी. पदवी मिळाली.

डिसेंबर १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी लिहिली. शिष्याची अनेक मते आपणास मान्य नसल्याचे त्यांनी तीत मोकळेपणाने नमूद केले आणि त्याच्या युक्तिवादातील ताजेपणाची प्रशंसाही केली. ग्रंथ मात्र भीमरावांनी आपल्या दिवंगत माता-पित्यांच्या स्मृतीस अर्पण केला.