पराभूत सेनापतीची सही

मॉरिशस बेट इंग्रजांनी १८१० साली जिंकले, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. ते ज्याच्या हातून गेले, त्या शार्ल देकांची आठवण मात्र क्वचितच निघते.

कां या फ्रेंच नगरात १७६९ साली त्याचा जन्म झाला. काही काळ वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलेला हा तरुण राज्यक्रांतीच्या युद्धांत शिरला आणि तिशीच्या आसपास सेनापती झाला. नेपोलियनने त्यास हिंदुस्थानातील फ्रेंच मुलखाचा प्रमुख नेमले. १८०३ साली तो पाँडिचेरीस पोहोचला. परंतु इंग्रज ते ठाणे सोडीनात. तेव्हा तो ईल द फ्रान्सकडे, म्हणजे आजच्या मॉरिशसकडे वळला.

तेथे त्याने सात वर्षे कडक अंमल चालविला. निवडलेल्या सभा मोडल्या, नेपोलियनचा दिवाणी कायदा आणला. पण मळ्यांवर राबणारे हजारो गुलाम गुलामच राहिले. ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजून परतणारा इंग्रज नाविक मॅथ्यू फ्लिंडर्स मोडक्या गलबतानिशी आश्रयास आला, त्यास साडेसहा वर्षे अडकवून ठेवले. समता-बंधुतेच्या निशाणाखाली लढलेल्या पुरुषास हे शोभले नाही, असेच आम्हांस वाटते.

इंग्रजांच्या व्यापारी जहाजांना मात्र या बेटाची दहशत होती. फ्रेंचांच्याच भयापोटी १७९९ ते १८१३ या काळात इंग्रज फौज आमच्या गोव्यातही तळ ठोकून होती. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोरच्या लढाईत इंग्रजांनी चार फ्रिगेटी गमावल्या. हा अपमान त्यांना सोसवेना. २९ नोव्हेंबरला सुमारे सत्तर जहाजांचा ताफा बेटाच्या उत्तर किनाऱ्यास लागला. त्यावरील सैन्यात मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांतील शिपाईही होते. कोणाचे बेट, कोणाचे युद्ध आणि मरावयास कोण! देकांजवळ कवायती फौज तुटपुंजी होती. ३ डिसेंबरला त्याने तहावर सही केली.

त्या तहात त्याची जुनी कचेरी कामास आली असावी. त्याचे सैनिक युद्धकैदी न होता मायदेशी परतले. बेटावरील रहिवाशांचा धर्म, कायदे व चालीरीती अबाधित राहिल्या. पुढे कॅटलोनियात त्याने सेनापतिपद सांभाळले. १८३२ साली तो वारला.

१८३५ साली बेटावरील गुलामगिरी रद्द झाली, मळ्यांस मजूर हवे झाले. रत्नागिरीकडील मराठी माणसे करारावर बोटीने तेथे उतरली, तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि दिवाणी कायदा देकांने आणलेला.