गल्ली न पाडता गाव सुधारणारे पॅट्रिक गेडिस

मुलांना अहिल्यादेवी शिकवताना आपण चौंडीहून थेट इंदूरला पोहोचतो. त्याच इंदूरची ही नंतरची गोष्ट.

पॅट्रिक गेडिस स्कॉटलंडचे. जन्म १८५४. अभ्यास जीवशास्त्राचा, पण लग्नानंतर पत्नी ॲनासह ते एडिनबरोच्या जुन्या, दाटीच्या वस्तीत राहायला गेले. तिथली घरं दुरुस्त केली, पडीक तुकड्यांवर बागा फुलवल्या.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्या काळी प्लेगच्या धाकानं रस्ते रुंद करायला अख्ख्या आळ्या पाडत. गेडिस आधी गल्लीबोळ पायी फिरायचे. मग सांगायचे, मोडकळीला आलेलं तेवढंच घर काढा, मोकळ्या जागेत झाड लावा. घर, दुकान, देऊळ पायी जाण्याच्या अंतरावर असलेली जुनी वस्ती त्यांना मोलाची वाटे. १९१७ साली मुलगा महायुद्धात गेला, त्याच वर्षी ॲनाही गेल्या. तरी त्यांनी काम सोडलं नाही.

इंदुरात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची युक्ती काढली. जी वस्ती सर्वांत स्वच्छ, तिथूनच मिरवणूक जाणार! मग काय, लोकांनी गाड्या भरभरून कचरा काढला. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि सफाई कामगारांना मानाची जागा होती. (शाळेतल्या स्वच्छता सप्ताहापेक्षा भारीच की!)

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३२ साली फ्रान्समध्ये वारले.

आपल्या घोडेगावातून तर मोठा रस्ताच जातो. येत्या शनिवारी मुलांबरोबर घर ते शाळा चालत नकाशा काढू या. सावली कुठे आहे, आणि रस्ता ओलांडताना मूल कुठे थबकतं?