फिलाडेल्फियातील तीन हिवाळे

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मराठी वाचकाला बहुतांशी ठाऊक असते. नवव्या वर्षी झालेला विवाह, गोपाळरावांचा शिक्षणाचा ध्यास, पतीविना केलेला समुद्रप्रवास, १८८६ मध्ये मिळालेली वैद्यकीय पदवी आणि अवघ्या एकविसाव्या वर्षी आलेला मृत्यू. एवढ्या वेगाने घडलेल्या या आयुष्यात फिलाडेल्फियातील राहत्या खोलीला कितीसे महत्त्व द्यावे, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या खोलीतील शेगडी नीट पेटत नव्हती, ही एक लहानशी बाब बाजूला ठेवली तर त्यांच्या अखेरच्या चार वर्षांचा अर्थ नीट लागत नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे कल्याणचे. एके काळी सुस्थितीत असलेल्या या घराण्याला पुढे उतरती कळा लागली होती. १८७४ मध्ये संगमनेरचे गोपाळराव विनायक जोशी यांच्याशी यमुनेचा विवाह झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. पत्नी शिकली पाहिजे ही त्यांची अट होती आणि ती त्यांनी प्रसंगी कठोरपणेही पाळली. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांसाठी बाई डॉक्टर नाही म्हणून अशी मुले जातात आणि अशा आयाही जातात, हे त्यांना तेव्हा उमगले. वैद्यकाचा निश्चय या दुःखातून झाला.

गोपाळरावांच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि पुढे कलकत्ता अशा होत गेल्या. कोल्हापुरात अनेक वर्षे काढलेले मिशनरी रॉयल वाइल्डर अमेरिकेत परतले होते. पत्नीच्या शिक्षणाची सोय होईल का, असे विचारणारे गोपाळरावांचे पत्र वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापले. ते न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या दृष्टीस दंतवैद्याच्या दवाखान्यात पडले. अनोळखी हिंदू मुलीला या बाईंनी पत्र लिहिले आणि पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. प्रकृतीच्या तक्रारी तेव्हाही होत्याच. डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनच ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधेही पाठवून पाहिली. गुण आला नाही. हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण अमेरिकेच्या थंडीने एका धडधाकट मुलीचा बळी घेतला, असे जे सांगितले जाते ते फार सोपे करून सांगितलेले आहे.

श्रीरामपूरच्या महाविद्यालयात जाहीर भाषण करून, आपण ख्रिस्ती न होता हिंदू म्हणूनच परत येणार हे सर्वांना सांगून, ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या. उन्हाळा रोझेल येथे त्यांच्या घरी गेला. हे रोझेल गाव त्याच वर्षी जानेवारीत एडिसनच्या विजेने उजळले होते. खांबांवरून तारा नेऊन अख्ख्या वस्तीला वीज पुरवण्याचा तो पहिलाच प्रयोग मानला जातो. कल्याणच्या समईतून आलेल्या मुलीने अमेरिकेतले पहिले वास्तव्य अशा गावात करावे, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे. पण दिवे विजेचे झाले तरी घर उबदार ठेवण्याचे काम अजून कोळशाकडे आणि लाकडाकडेच होते.

त्याच १८८३ च्या जुलैमध्ये, रोझेलपासून दूर विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाच्या प्राध्यापकाला एका उपकरणाचे पेटंट मिळाले. जॉन्सन शिक्षक घडवणाऱ्या एका संस्थेत शिकवीत. तेथील रखवालदार ठरावीक वेळाने प्रत्येक वर्गात शिरून तापमान पाही आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करी. शिकवण्यात होणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी वर्गातच एक यंत्र बसवले. उष्णतेने दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून त्यांची जोडपट्टी तापली की वाकते. ती वाकली की विजेचा जोड पूर्ण होई आणि तळघरात घंटा वाजे. रखवालदाराने वर यायचे काम उरले नाही. खोलीनेच आपल्याला थंडी वाजते की उकडते हे सांगावे, अशी ही व्यवस्था. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मिनियापोलिसच्या अल्बर्ट बट्झ यांनी पुढचे पाऊल टाकले. खोली गार झाली की त्यांचे यंत्र भट्टीची झडप आपणच उघडी आणि पुरेशी ऊब आली की मिटवी. आज ज्याला थर्मोस्टॅट म्हणतात, त्याचे घरगुती रूप येथून सुरू होते. आनंदीबाईंचे अमेरिकेतील वास्तव्य साधारण या दोन पेटंटांच्याच काळातले आहे.

फिलाडेल्फियात त्यांच्या वाट्याला मात्र यातले काही आले नाही. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया हे स्त्रियांना वैद्यक शिकवणारे जगातील आद्य महाविद्यालयांपैकी एक. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली आणि १८८३ च्या ऑक्टोबरमध्ये अभ्यास सुरू झाला. ऑक्टोबर म्हणजे तिकडे हिवाळ्याचे दार. फिलाडेल्फियात जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंश सेल्सियसच्या आसपास असते. रात्री पारा त्याही खाली जातो.

महाविद्यालयाकडून मिळालेल्या खोलीत भिंतीतली शेगडी होती, पण ती पेटवली की खोलीत धूरच धूर होई. धूर सोसायचा की थंडी, एवढीच निवड त्यांच्यापुढे होती. असे का होत असावे, हे समजणे कठीण नाही. धुराड्यातील हवा तापून वर चढली, की तिच्यामागून खोलीतील हवा शेगडीकडे ओढली जाते आणि धूर बाहेर पडतो. धुराडे अरुंद, काजळीने तुंबलेले किंवा गार असेल तर हा ओढा मंदावतो आणि धूर माघारी फिरतो. तो घालवायला खिडकी उघडावी, तर मिळवलेली ऊब निघून जाते. गंमत अशी, की धूर कमी आणि ऊब जास्त देणारी शेगडी बनवण्यासाठी ज्यांनी डोके खपवले, ते बेंजामिन फ्रँकलिन याच शहराचे. त्यांनी १७४४ मध्ये आपल्या शेगडीवर पुस्तिका लिहिली होती. मात्र त्यांच्या मूळ रचनेतही धूर उलटा येण्याची खोड होतीच. ती पुढे इतरांनी सुधारली. म्हणजे शतकापूर्वी जो प्रश्न या शहराने सोडवायला घेतला होता, तोच एका परदेशी विद्यार्थिनीच्या खोलीत तसाच पडून होता.

कपड्यांचा प्रश्न त्याला जोडूनच आला. नऊवारी नेसली तर कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहतात. पाश्चात्त्य पोशाख करायचा नाही, हा निश्चय. विचाराअंती त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले. अंग झाकले जाते आणि आत परकरही घालता येतो. हेदेखील त्यांनी गोपाळरावांना पत्राने विचारून, त्यांची संमती आल्यावरच केले. हजारो मैलांवर बसलेल्या पतीकडून हिवाळ्यातील साडीची परवानगी येईपर्यंत किती आठवडे जात असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आहार कटाक्षाने शाकाहारी. अनोळखी देशात जे मिळेल त्यातून स्वतःचे भागवायचे, त्यावर अभ्यासाचा ताण, आणि खोलीत परत यावे तर एक तर डोळे चुरचुरणारे, नाही तर बोटे गोठणारी.

दीड-दोन वर्षांत याचे परिणाम दिसू लागले. एकाएकी भोवळ यायची, कडक ताप भरायचा. खोकल्याने तर तीन वर्षांत पाठ सोडली नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ च्या मार्चमध्येच शोधून काढला होता, म्हणजे आनंदीबाई ज्या रोगाने गेल्या त्याचे कारण त्यांच्या प्रवेशाच्या आधीच विज्ञानाला कळले होते. उपचार यायला मात्र आणखी साठेक वर्षे लागायची होती. क्षय थंडीने होत नाही, जंतूने होतो. परंतु कोंदट खोली, फुप्फुसात रोज जाणारा धूर आणि अपुरे पोषण यांनी शरीराचा प्रतिकार खचतो, हे आजचे वैद्यकही सांगते. त्यांना संसर्ग कलकत्त्यात झाला की फिलाडेल्फियात, याचा निवाडा आता शक्य नाही. मात्र आजारी फुप्फुसांना त्या खोलीने काडीचाही आधार दिला नाही, हे निश्चित.

येथे मराठवाड्यातील वाचकाला आपल्या हिवाळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ किमान तापमानाची नोंद जाहीर करते आणि काही हिवाळ्यांत ती पाच अंशांच्याही खाली उतरलेली असते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या या जिल्ह्यात घरे बांधली जातात ती उन्हाचा विचार करून. ऊब देण्याची कायम सोय कुठेच नसते. मग अंगणात शेकोटी पेटते. तोवर ठीक. पण पहाटेची थंडी असह्य झाली म्हणून जळत्या कोळशांची शेगडी दारे-खिडक्या लावून खोलीत ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आनंदीबाईंच्या शेगडीचा धूर निदान दिसत तरी होता.

आज न्यू जर्सीत किंवा फिलाडेल्फियात घर करणारी मराठी मुले जाताना दोन गोष्टींची चौकशी करतात, भाडे किती आणि हीटिंग कसे. भिंतीवरचा थर्मोस्टॅट आता मोबाइलवरून चालतो, माणसांच्या जाण्यायेण्याच्या वेळा शिकतो, बाहेर पडताच तापमान उतरवून इंधन वाचवतो. कोणता घ्यावा यावर मित्रमंडळींत तासन्‌तास चर्चा होते. त्या चर्चेत एक मुद्दा सहसा निसटतो. थर्मोस्टॅटला फक्त तो जिथे बसवला आहे तिथली ऊब कळते. दिवाणखान्यात वीस अंश दाखवणाऱ्या घरातील कोपऱ्याची, भाडेकरू विद्यार्थ्याला दिलेली खोली खुशाल गारठलेली असू शकते. म्हणून निरनिराळ्या खोल्यांत ठेवता येणारे जादा संवेदक ज्याला जोडता येतात, तो थर्मोस्टॅट अशा घरासाठी अधिक उपयोगाचा. घरातील भट्टीशी किंवा हीट पंपाशी तो जुळतो का, भिंतीतून त्याला सतत वीज पुरवणारी तार आली आहे का, हे विकत घेण्याआधी पाहायचे. आणि धूर, गळती, तुंबलेले धुराडे यांवर त्याच्याकडे काहीही उपाय नाही. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे वेगळे यंत्र लागते. जॉन्सन यांचे उपकरण १८८३ मध्ये आनंदीबाईंच्या भिंतीवर लावले असते तरी बिघडलेल्या शेगडीपुढे त्याने केवळ घंटा वाजवली असती.

फिलाडेल्फियात आता ऑक्टोबर ते एप्रिल भाड्याच्या घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सियस, तापमान राखणे घरमालकावर बंधनकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशांतील घरांसाठी १८ अंशांची किमान मर्यादा सुचवली. आनंदीबाईंच्या काळी असा नियम नव्हता आणि असता तरी परक्या देशात शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीने तक्रार कोणाकडे न्यावी, हा प्रश्न उरलाच असता.

अशाही स्थितीत अभ्यास थांबला नाही. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासमवेत १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात आहेत. आनंदीबाई बसल्या आहेत त्या साडीत. चेहरा शांत आहे, थकवा शोधणाऱ्यालाच दिसेल. त्याच वर्षी गोपाळराव अमेरिकेत आले. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले, तेव्हा ते आणि पंडिता रमाबाई सभागृहात उपस्थित होते. राणी व्हिक्टोरियाकडून अभिनंदनाचा निरोप आला. कोल्हापूर संस्थानने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-कक्षाची सूत्रे त्यांना देऊ केली आणि ती त्यांनी स्वीकारली.

पदवी हाती आली तेव्हा शरीर पार खचले होते. फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात क्षयाचे निदान झाले आणि मायदेशी परतण्याचा सल्ला मिळाला. १८८६ च्या अखेरीस पतिपत्नी मुंबईला उतरली. ऊबदार हवेत प्रकृती सुधारेल ही आशा फोल ठरली. कोल्हापूरचा कक्ष वाट पाहत राहिला. एकाही रुग्णाला तेथे त्यांचा हात लागला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवण्यात आल्या. हडसन नदीकाठच्या त्या गावात दर हिवाळ्यात बर्फ पडते.