पहिला ड्राफ्ट कुणाचा?

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. संविधान बाबासाहेबांनी लिहिलंच नाही, ते बी. एन. राव नावाच्या अधिकाऱ्याने लिहिलं, असा त्याचा सूर. मग त्याखाली रात्रभर भांडण. गंमत म्हणजे, भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हे राव कोण होते, ते फारसं माहीत नसतं. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ.

बेनेगल नरसिंह राव यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८८७चा. कुटुंब मंगळूरकडचं. भावंडंही नावाजलेली. रामा राव पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, तर शिवा राव पत्रकार आणि संविधान सभेचे सदस्य. नरसिंह राव मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून केंब्रिजला गेले, आयसीएस झाले आणि बंगालमध्ये रुजू झाले.

पुढे कायदा हेच त्यांचं क्षेत्र झालं. १९३५चा भारत सरकार कायदा आल्यावर देशातले जुने कायदे त्याच्याशी जुळवून घ्यायचं किचकट काम त्यांच्याकडे आलं. १९३९मध्ये ते कलकत्ता हायकोर्टात न्यायाधीश झाले. १९४१मध्ये हिंदू कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. मुलींना वारसा हक्क, एकपत्नीत्व, घटस्फोट असे त्या काळात अंगावर येणारे विषय या समितीने हाताळले. याच कामातून हिंदू कोड बिल उभं राहिलं आणि त्याच बिलासाठी बाबासाहेब पुढे संसदेत झुंजले. म्हणजे या दोघांची कामं फक्त संविधानातच एकमेकांना भेटत नाहीत.

१९४४मध्ये राव जम्मू-काश्मीर संस्थानचे पंतप्रधान झाले. पण महाराजांशी पटलं नाही, तेव्हा १९४५मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आता मुख्य मुद्दा. १९४६मध्ये राव संविधान सभेचे सल्लागार झाले. ते सभेचे सदस्य नव्हते, त्यांना मताचा अधिकार नव्हता आणि हे काम त्यांनी मानधन न घेता केलं. जगभरातल्या राज्यघटना अभ्यासून सदस्यांसाठी टिपणं काढायची, पर्याय मांडायचे, असं ते काम. सभेच्या समित्यांनी जे ठरवलं, त्याच्या आधारे ऑक्टोबर १९४७मध्ये त्यांनी पहिला ड्राफ्ट तयार केला. त्यात २४३ कलमं आणि १३ परिशिष्टं होती. याच सुमारास ब्रह्मदेशाच्या राज्यघटनेसाठीही त्यांनी मदत केली.

हा ड्राफ्ट मग बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीकडे गेला. समितीने तो नव्याने घडवला तेव्हा कलमं झाली ३१५. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. एकेका कलमावर उभं राहून उत्तर द्यायची मुख्य जबाबदारी बाबासाहेबांवर होती. शेवटी ३९५ कलमांचं संविधान मंजूर झालं. आणि २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतःच श्रेयाचा वाटा राव यांना दिला. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. कारण त्याचा हेतू राव यांना मोठं करण्याचा नसतोच, बाबासाहेबांना लहान करण्याचा असतो.

राव यांचा प्रत्येक सल्ला काळाच्या कसोटीवर टिकला असंही नाही. ड्राफ्ट झाल्यावर ते अमेरिकेला गेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी बोलल्यावर त्यांची खात्री पटली, की कायदा न्याय्य आहे का हे तपासायचा फार मोठा अधिकार कोर्टाला दिला तर निवडून आलेल्या सरकारची पावलं अडतील. मसुदा समितीने ते मानलं आणि कलम २१मध्ये फक्त कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती उरली. पद्धत पाळली की माणसाला तुरुंगात टाकता येतं, असा त्याचा अर्थ १९५०च्या गोपालन खटल्यात लागला. कार्यपद्धती न्याय्यसुद्धा हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला १९७८चा मनेका गांधी खटला उजाडावा लागला. सल्लागाराच्या एका सल्ल्याची किंमत किती मोठी असू शकते, ते इथे कळतं.

यानंतर राव डिप्लोमॅट म्हणून संयुक्त राष्ट्रांत गेले. जून १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटलं, तेव्हा सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे राव यांच्याकडे होतं. २५ जूनला त्यांनी युद्ध थांबवा म्हणणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. दोनच दिवसांनी दक्षिण कोरियाला लष्करी मदतीचा ठराव आला. दिल्लीची सूचना पोहोचली नव्हती, म्हणून त्यांनी मतदानात भागच घेतला नाही. खुर्ची अध्यक्षाची असली तरी भूमिका देशाची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डिसेंबरमध्ये युद्धबंदीसाठी नेमलेल्या तिघांच्या गटातही ते होते. ते प्रयत्न मात्र फसले.

१९५२मध्ये ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाले. ३० नोव्हेंबर १९५३ला झुरिचमध्ये त्यांचं निधन झालं.

तुमच्यापैकी अनेक जण यूपीएससी-एमपीएससीच्या तयारीत असाल. अधिकारी म्हणजे लाल दिवा आणि रुबाब, एवढंच चित्र डोळ्यांसमोर असेल, तर राव यांचं करिअर एकदा नीट वाचा. जीव ओतून ड्राफ्ट करायचा आणि मग तो बदलण्याचा हक्क लोकांच्या प्रतिनिधींकडे सोपवायचा, ही नोकरी त्यांनी केली. आणि यंदा तो फॉरवर्ड आला, तर फक्त दोन तारखा रिप्लाय करा: ऑक्टोबर १९४७ आणि २५ नोव्हेंबर १९४९.