मनाचे औषध शोधणारे धर्मानंद कोसंबी

धर्मानंद कोसंबी म्हटले की पुष्कळांना त्यांचे पुत्र, गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी आठवतात. वडिलांची ओळख बौद्ध धर्माचे विद्वान एवढीच राहते. पण आज मानसोपचारात ध्यानाचा जो उपयोग होतो, त्यामागच्या इतिहासात या मराठी माणसाचेही काम आहे, ते आपण जाणून घेऊ.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. शालेय शिक्षण बेताचेच. तरुणपणी मन फार उदास असे, संसारात आणि नारळांच्या बागेत लक्ष लागेना. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांना वाटले की आपल्या दुःखावरचा मार्ग इथे सापडेल. 1899 साली पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असे करीत 1902 साली ते श्रीलंकेत पोहोचले, भिक्षू झाले आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला.

1906 नंतर ते पुन्हा संसारात आले. आपल्या सुरतेहून गाडीने दोन-अडीच तासांवर असलेल्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे.

1910 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम अपुरे राहिले होते. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे मनाच्या अभ्यासाची पोथीच. त्यात माणसांचे सहा स्वभाव आणि ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत. रागीट माणसाने मैत्रीभावना करावी, विचारांत गुरफटणाऱ्याने श्वासाकडे लक्ष द्यावे, अशी स्वभावागणिक योजना आहे.

त्याच हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स यांनी मानसशास्त्र शिकवले होते. भटकणारे मन पुन्हा पुन्हा जागेवर आणता येणे हे उत्तम शिक्षण, पण ते द्यायचे कसे हे सांगणे कठीण, असे त्यांनी 1890 च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. जेम्स 1910 मध्येच वारले. त्यांना जी रीत सांगणे अवघड वाटले, ती तपशीलवार सांगणारा ग्रंथ त्याच वर्षी त्याच विद्यापीठात धर्मानंदांच्या हाती आला.

संपादनाचे श्रेय कोणाचे यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि 1912 मध्ये धर्मानंद परतले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. 1918 साली पुन्हा हार्वर्डला गेले, तेव्हा माणिक आणि दामोदर ही मुलेही बरोबर होती. माणिकताई तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकल्या. पुढे धर्मानंद अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात शिकवू लागले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातही ते उतरले. ‘विसुद्धिमग्ग’ची नागरी आवृत्ती 1940 साली मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती 1950 साली आली, तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला त्यांचे देहावसान झाले होते.

हार्वर्ड ज्या राज्यात आहे, त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये 1979 साली जॉन कबात-झिन यांनी रुग्णालयातील रुग्णांसाठी ध्यानाचे वर्ग सुरू केले. त्यांनी धर्मानंदांकडून काही घेतले असे आम्ही म्हणत नाही. पण अशा कामांच्या आधी कोणीतरी जुने ग्रंथ शुद्ध करून ठेवलेले असतात.

आपल्या घरांत ताप आला तर लगेच डॉक्टरकडे नेतात. मन खचलेल्या मुलाला किंवा सुनेला मात्र लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसवतात. धर्मानंदांनी आपले दुःख झाकले नाही, ‘निवेदन’ या आत्मचरित्रात मोकळेपणी लिहून ठेवले. त्यांच्या शोधाची किंमत बाळाबाईंनाही मोजावी लागली, हेही विसरू नये. म्हणून आपल्या घरातील कोणी उदास दिसले तर त्याला एकटे सोडू नये. शेजारी बसून ऐकावे, गरज असेल तर डॉक्टरांकडे न्यावे, आणि झेपेल तेवढे ध्यानही करावे. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही, हे तर बुद्धघोषांनीच सांगून ठेवले आहे.