नोंदवहीतला मधुमेह

इन्सुलिन सापडले तेव्हा मधुमेहाचा प्रश्न सुटला, असे पुष्कळांनी मानले. बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी तसे मानले नाही. १८६९ साली जन्मलेल्या जॉस्लिन यांनी विद्यार्थिदशेपासून मधुमेही रुग्णांच्या नोंदी वहीत टिपून ठेवल्या होत्या. स्थूलता टाळल्यास हा रोगही पुष्कळ अंशी टळेल, असे त्यांनी १९२१ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी इन्सुलिन हाती आले. तरी आहार आणि व्यायाम यांवरील त्यांचा भर कमी झाला नाही. रुग्णाने लघवीतील साखर स्वतः तपासावी, म्हणून त्यांनी परिचारिकांना शिक्षिका केले.

साखर काटेकोर ताब्यात ठेवली तरच पुढची गुंतागुंत टळते, हा त्यांचा आग्रह अनेक समव्यवसायींना जाचक वाटे. आणि रुग्णांना तो जाचक होताही. १९६२ मध्ये जॉस्लिन निवर्तले तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता. इन्सुलिनवाचून जगू न शकणाऱ्या रुग्णांवरील दीर्घ अभ्यासाने डोळे व मूत्रपिंडे यांबाबत १९९३ मध्ये, तर हृदयाबाबत २००५ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. तोवर रुग्णांच्या दोन पिढ्यांना पुराव्याविना केवळ विश्वासावर पथ्य पाळावे लागले होते.