लंडनच्या गॅलरीतली सगळी चित्रं खाणीत लपवली, तरी या माणसानं गॅलरी बंद पडू दिली नाही

सप्टेंबर १९३९. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. लंडनवर कधीही बॉम्ब पडतील अशी भीती होती. त्याआधीच तिथल्या नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्सकडे रवाना झाली होती. मागं उरल्या नुसत्या भिंती.

गॅलरीचा डायरेक्टर होता केनेथ क्लार्क. वय फक्त ३६.

क्लार्कचा जन्म १९०३ चा. घराण्याचा धंदा शिलाईच्या दोऱ्याचा, त्यामुळे पैसा बख्खळ. पण पोराला वेड चित्रांचं. ऑक्सफर्डला शिकला, फ्लॉरेन्सला जाऊन बेरेन्सनसारख्या दिग्गजाच्या हाताखाली काम केलं आणि तिशीतच नॅशनल गॅलरीचा कारभार हातात घेतला.

आता रिकाम्या गॅलरीचं करायचं काय? मायरा हेस या पियानोवादक बाईंनी तिथं मैफल करण्याची कल्पना मांडली. क्लार्कनं म्हटलं, एक कशाला, रोजच करा. मग सोमवार ते शुक्रवार, दुपारच्या सुट्टीत मैफली सुरू झाल्या. तिकीट एक शिलिंग. बॉम्बवर्षावातही त्या थांबल्या नाहीत, जागा बदलून तळघरात झाल्या.

चित्रं कॅनडाला पाठवायचाही विचार झाला होता, पण चर्चिलनी तो हाणून पाडला. शेवटी १९४१ मध्ये ती वेल्समधल्या मॅनॉडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवली. पण लोकांना चित्रं बघायची होती. म्हणून १९४२ पासून दर महिन्याला एक चित्र लंडनला आणलं जाऊ लागलं. तेवढ्या एका चित्रासाठी लोक यायचे.

युद्धानंतर क्लार्कनं लँडस्केप आणि न्यूड या विषयांवर गाजलेली पुस्तकं लिहिली. पण तो घराघरांत पोहोचला १९६९ साली, बीबीसीच्या 'सिव्हिलायझेशन' या १३ भागांच्या रंगीत मालिकेमुळे. ही मालिका सुरू करण्यामागं होते डेव्हिड ॲटनबरो.

टीकाही झाली. जगाची संस्कृती म्हणून यानं फक्त पश्चिम युरोप दाखवला, बायकांना जागाच दिली नाही, असे आक्षेप आले. १९७२ मध्ये जॉन बर्जरच्या 'वेज ऑफ सीइंग'नं तर चित्रं बघायची दुसरीच नजर दिली.

आक्षेप खरेच होते. पण ज्या टीव्हीवरून बर्जरनं उत्तर दिलं, त्याच टीव्हीवर चित्रकलेला सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात आणणाऱ्यांत क्लार्क आघाडीवर होता. १९८३ मध्ये तो गेला. चित्रं श्रीमंतांच्या भिंतीपुरती नसतात, हे दोऱ्याच्या पैशावर वाढलेल्या या माणसानं रिकाम्या गॅलरीत दाखवून दिलं होतं.